पुसलेला नंबर

४ फेब्रुवारी

उस्तादांनी दोन वह्या आणायला सांगितल्या होत्या. एक जुना भाग मिळाला की लिहायची, दुसरी तो गाडीला बसला की लिहायची. मी तीन आणल्या. तिसरी परत द्यायला दुकानापर्यंत कोण जाणार, म्हणून ती माझी. आठवीत शाळा सोडल्यापासून स्वतःहून एक ओळ लिहिलेली नाही. अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरल्यासारखं. पण वाचणारा मीच, तेव्हा तक्रार कोण करणार?

घरापासून रेल्वेनं दीड दिवसावर आहे मी. इथं तीन महिने झाले. त्याआधी बेकरी, टायरचं दुकान, बोटींचं रंगकाम, लिफ्ट बसवणं, एका हॉटेलात भांडी. पाच महिन्यांच्या वर कुठंच टिकलो नाही. मन लागतं, आणि एके दिवशी सकाळी उठलं की लागत नाही. आमचा रंगारी मला भिंगरी म्हणतो. खरं नाव त्यानं अजून विचारलेलंच नाही.

वर्कशॉपमध्ये आम्ही तिघंच. उस्ताद, रंगारी आणि मी. काम एकच, जुन्या गाड्या होत्या तशा करायच्या. नुसत्या चकचकीत नाही. ज्या महिन्यात गाडी कारखान्यातून बाहेर पडली, त्या महिन्यात तिच्या अंगावर जो बोल्ट असेल तसलाच बोल्ट शोधायचा. नवा आणि त्याहून चांगला असला तरी चालत नाही. मला सुरुवातीला हसू यायचं.

८ फेब्रुवारी

सध्या आहे ती डॉक्टरबाईंची गाडी. दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, फेब्रुवारी एकसष्टची. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. बाई दातांच्या डॉक्टर होत्या, आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. आल्या की बॉनेट उघडायला लावतात आणि इंजिनाला म्हणतात, "आ करा."

आज त्यांनी मला सगळं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांच्या असताना याच गाडीतून त्या डोंगररस्त्याच्या चढणीच्या शर्यतीत उतरल्या होत्या. नऊ वळणं. सातव्या वळणावर गाडी बंद पडली आणि लोकांनी ढकलत खाली आणली. पुढं गाडी विकली. दोन वर्षांपूर्वी ती त्यांना एका कोंबड्यांच्या शेडमध्ये परत सापडली.

"बारा एप्रिलला तीच चढण आहे," बाई म्हणाल्या. "फक्त जुन्या गाड्यांसाठी. पुढच्या वर्षी लायसन्सवाले माझे गुडघे बघतील आणि घरी बसवतील. तेव्हा यंदाच काय ते."

चढणीआधी दोन दिवस तपासनीस येतो. एक जरी महत्त्वाचा भाग दुसऱ्या सालचा निघाला तरी गाडी बाद. आमचं सगळं जमलंय, एक सोडून. डिस्ट्रिब्युटर. इंजिनाच्या चार सिलिंडरना ज्याची त्याची ठिणगी वेळेवर वाटून देणारा डबा तो, मुठीएवढा. मधल्या काळात कुणीतरी नव्या सालचा लावून ठेवलाय. चालतो झकास. पण चालून उपयोग नाही. डब्याच्या अंगावर महिना आणि साल ठोकलेलं असतं आणि ते गाडीच्या जन्माआधी सहा महिन्यांच्या आतलं लागतं.

उस्तादांनी बाईंना शब्द दिलाय. मला वाटतं त्यांना ही गाडी आमच्यापेक्षा जास्त लागून राहिली आहे.

१४ फेब्रुवारी

उस्तादांबद्दल लिहायचं म्हणजे आधी शिव्या आठवतात. पाने भिंतीवर ओळीनं टांगलेले आहेत. एक पाना दोन बोटं सरकला तरी बोंब. "कुणी हात लावला इथं?" आणि इथं म्हणजे बरोबर तिथंच.

माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. मला पहिल्यांदा वाटलं, कानाला काही लागलंय. आता समजलं, आठवी नापासाकडे सरळ काय बघायचं, असं असणार.

आणि वाचायला लावतात. येईल ते पत्र, डब्यावरचा नंबर, कॅटलॉगमधलं पानच्या पान. "वाच मोठ्यानं." मी अडखळलो की थांबतात, हसत नाहीत, पण सोडतही नाहीत. ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ते स्वतः का नाही वाचत?" मी म्हणालो, "मोठी माणसं वाचत नाहीत, वाचून घेतात." ताई म्हणाली, "बरं आहे. शाळेनं सोडलं ते मेकॅनिकनं पकडलं."

२१ फेब्रुवारी

आला! डिस्ट्रिब्युटर आला! उस्तादांनी तीन महिन्यांपूर्वी एका संग्राहकाला लिहिलं होतं (म्हणजे मी लिहिलं, ते बोलले). आज पार्सल आलं. चार थर कागदाच्या आत काळपट, तेलकट, डागाळलेला डबा. उस्तादांनी तो हातात घेतला, फिरवला, आणि अंगठा एका जागी थांबला.

"अकरा," म्हणाले. मग अंगठा जरा पुढं. "साठ. वाच रे."

मी चिंधीनं पुसून वाचलं. अकरा, साठ. नोव्हेंबर साठ. गाडीच्या तीन महिने आधीचा.

"बघितल्याशिवाय कसं कळलं तुम्हाला?"

"तीस वर्षं हेच करतोय," एवढंच म्हणाले. पण खूश होते. रंगाऱ्याला हाक मारून तीन कप चहा स्वतः ओतला. कपात बोटाचं टोक घालून ओततात, ही एक घाणेरडी सवय आहे त्यांची. आज माफ.

२३ फेब्रुवारी

उस्ताद आज दुपारी नव्हते, दवाखान्यात गेले होते. कशासाठी ते सांगत नाहीत. मी म्हटलं, डिस्ट्रिब्युटर असा कळकट का ठेवायचा? बफिंगच्या मशीनवर धरला. अॅल्युमिनियम असं निघालं, असं निघालं की त्यात माझे दात दिसायला लागले. तासभर हातानं वर पॉलिश मारलं. रंगारी बाहेर गेलेला. कुणी काही सांगितलं नसताना पूर्ण केलेलं हे माझं आयुष्यातलं पहिलं काम. उद्या उस्तादांच्या हातात ठेवतो आणि बघतो, आता तरी तोंडाकडे बघतात का.

२४ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय.

ठेवला हातात. त्यांनी फिरवला. अंगठा त्याच जागी गेला आणि थांबला. मग पुढं गेला. मागं आला. मग दुसऱ्या हातात घेतला. मी वाट बघत होतो शाबासकीची.

"कुठंय?"

"काय?"

"नंबर."

तेव्हा मी बघितलं. तिथं नंबर नव्हता. तिथं मी होतो, वाकडा, आरशात दिसतो तसा. बफच्या चाकानं पुसून टाकला होता. एवढ्या बारीक ठोक्याला खोली ती किती असणार.

उस्ताद ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. डबा बाकावर ठेवला, नेहमीच्या जागी, आणि म्हणाले, "जेवायला जा."

रंगारी मात्र म्हणाला, "भिंगऱ्या, तू माणसाची ओळख पुसली असतीस तर चाललं असतं रे. तू गाडीचीच पुसलीस." मी त्याला म्हणालो, तोंड सांभाळ. पण तो खरं बोलत होता.

२६ फेब्रुवारी

आज एक गोष्ट केली. रंगाऱ्याच्या कपाटात आकड्यांचे ठोके आहेत, लोखंडी, एकेक आकड्याचा एकेक. चेसिसचे नंबर ठोकायचे. जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना घेतले. एक, एक, सहा, शून्य. चार घाव. जागा मला पाठ होती. वरून थोडं काजळ आणि तेल चोळलं, हाताचा मळ लावला. आधी होता तसाच दिसतोय. खरंच तसाच. रंगारी आला तरी त्याला ओळखू येणार नाही.

मी काही चोर नाही. जो नंबर होता तोच परत लिहिलाय.

२७ फेब्रुवारी

अर्धं मिनिट लागलं नसेल. अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण हा नंबर कालचा आहे."

मी बाकावरची चिंधी उचलून हात पुसायला लागलो.

"साठ वर्षांच्या ठोक्याची कड झिजून गोल होते. ही बोटाला चावते. हात आण." माझा अंगठा धरून त्यावर घासला. आणि मग जुन्या इंजिनावरच्या दुसऱ्या एका नंबरावर घासला. खरंच फरक आहे. एक ब्लेडसारखा, दुसरा नदीतल्या गोट्यासारखा.

"तपासनिसाला नसतं कळलं," मी म्हणालो.

"नसतं कळलं."

"मग?"

"मग काय? चढण बाई चढणार, तपासनीस नाही."

त्यांनी कानस हातात दिली आणि तो खोटा नंबर माझ्याकडूनच घासून घेतला. कानशीचा आवाज सबंध खोलीत. रंगारी गाडीच्या पलीकडून बघत होता, पण आज भिंगरी म्हणाला नाही.

२ मार्च

ताईचा फोन. "आवाज असा का? पळालास का तिथूनही?"

"नाही अजून."

"अजून म्हणजे?"

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला काढलं का त्यांनी?"

"नाही."

"मग तू कशाला स्वतःला काढतोयस?"

आई मागून विचारत होती, जेवतोस ना वेळेवर. जेवतो म्हणालो. उस्तादांनी काढलेलं नाही हे खरं आहे. पण आज मी पार्सलवाल्याशी बोलताना विचारून ठेवलंय, त्यांच्याकडे ड्रायव्हरची जागा रिकामी आहे.

६ मार्च

संग्राहकाकडे दुसरा नाही. आणखी चार ठिकाणी विचारलं, नाही. आज उस्ताद सकाळपासून खुर्चीत डोळे मिटून बसले होते, झोपलेत असं वाटलं. एकदम म्हणाले, "बंब."

"काय?"

"हे इंजिन आधी गाडीसाठी केलेलंच नव्हतं. आगीच्या बंबासाठी केलं होतं, ओढून न्यायच्या पंपावर बसवायला. हलकं होतं, म्हणून मग गाडीवाल्यांनी घेतलं. बंबाच्या आणि गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये काडीचा फरक नाही."

मग त्यांनी जुन्या वह्या काढायला लावल्या. वीस वर्षांच्या वह्या, त्यांच्या अक्षरात. सुरुवातीची अक्षरं मुंगीएवढी, सुबक. पुढच्या वह्यांमध्ये मोठी मोठी होत गेलेली, शेवटच्या वहीत तर एका पानावर चारच ओळी. म्हातारपणी माणूस उधळा होतो, कागदाचीसुद्धा किंमत राहत नाही. त्या वह्यांत तीन पंप निघाले. दोन मोडीत गेलेत, फोन करून कळलं. तिसरा एका लहान गावाच्या अग्निशमन केंद्रात आहे. फोन कुणी उचलत नाही.

"तूच जा," म्हणाले. "मला प्रवासाची धूळ सोसत नाही. आणि हा घेऊन जा." पुसलेला डिस्ट्रिब्युटर फडक्यात बांधून दिला.

"हा बिघडलेला कशाला?"

"बिघडला कुठं? नंबर गेलाय. रिकाम्या हातानं जाऊ नये कुठं."

११ मार्च

बसमध्ये लिहितोय, अक्षर आणखी वाईट. खिडकीबाहेर काहीच नाही, नुसतं गवत आणि विजेचे खांब. एक गोष्ट खरी लिहितो. सकाळी बस स्टँडवर उभा होतो तेव्हा दोन बस होत्या. एक या गावाची आणि एक बंदराकडे जाणारी. बंदरात बोटींवर रंगाऱ्यांना काम कायम असतं. खिशात महिन्याचा पगार. उस्ताद काय, शोधायला थोडेच येणार होते?

बंदराच्या बसमध्ये चढलोसुद्धा. पाच मिनिटं बसलो. मांडीवर फडक्यातला डबा होता. तो घेऊन बंदरात काय करणार, म्हणून उतरलो. बाकी काही मोठं कारण नाही.

१२ मार्च

अग्निशमन केंद्र म्हणजे दोन मोठी दारं, एक घंटा आणि पुढं पडवी. पडवीत लाल पंप, दोन चाकांचा, पितळेची नळकांडी घासून घासून सोन्यासारखी केलेली. मी पोहोचलो तेव्हा सगळे कुठंतरी आग विझवायला गेले होते. दारं उघडी टाकून. चिटपाखरू नव्हतं.

वाकून बघितलं. डिस्ट्रिब्युटर तोच. पुसला. बारा, साठ. डिसेंबर साठ! गाडीच्या दोनच महिने आधीचा. अंगठा फिरवला, गोट्यासारखा लागला.

एक बोल्ट. पाना माझ्या खिशात होता. आमच्या धंद्यात पाना खिशात असतोच. मी तो बोल्टला लावला होता. अर्धा फेरा दिलासुद्धा. पाच मिनिटांचं काम, जाताना माझा डबा तिथं बसवून गेलो असतो तर त्यांना महिनाभर पत्ता लागला नसता. तसं तर ही चोरीही झाली नसती, अदलाबदल झाली असती.

मग मला वाटलं, हा डबा उस्तादांच्या हातात ठेवीन तेव्हा त्याची कड त्यांच्या बोटाला चावेल. कशी चावेल ते माहीत नाही. पण त्या माणसाला कळेल. बोल्ट परत आवळला आणि पायरीवर बसून राहिलो.

ते सगळे संध्याकाळी आले, काळेठिक्कर तोंडाचे. केंद्रप्रमुख म्हणजे केवढ्या मोठ्या मिशा, त्यांचीही टोकं जळलेली. "कोण रे तू? पाणी आण आधी."

मी बादल्या भरून दिल्या.

१३ मार्च

मिशीवाल्यांना रात्री सांगितलं नाही, दमले होते. केंद्रातच बाकावर झोपू दिलं. सकाळी सगळं सांगितलं. गाडी, बाई, सातवं वळण, बफ, आणि तो कालचा अर्धा फेरासुद्धा. तो का सांगितला कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेला.

"म्हणजे आम्ही आग विझवत होतो आणि तू आमचा पंप सोडत होतास?" सगळे हसायला लागले, पण मिशीवाले हसले नाहीत. "हा पंप आम्ही महिन्यातून एकदा चालू करतो. बंद पडू देत नाही. माझ्या आधीच्या प्रमुखांनी मला तसं सांगितलंय. याचा भाग काढून देऊ?"

मी फडकं सोडलं आणि डबा पुढं केला. उजेडात असा चमकला की एकजण म्हणाला, "अरे बापरे, यात दाढी करता येईल!"

"हा याच साठ सालातला आहे," मी म्हणालो. "याचाच भाऊ, एका महिन्यानं मोठा. चालायला तसूभर कमी नाही. फक्त अंगावर नंबर नाही, तो माझ्या मूर्खपणानं गेला. तुमच्याकडे तपासनीस येत नाही. पण तुम्ही पितळ घासता."

मिशीवाल्यांनी तो हातात घेतला. पंपाच्या पितळेशेजारी धरला. मागं झाले, मान तिरकी केली. पंपावर एवढा एकच कळकट भाग होता, त्यांना तो इतकी वर्षं खुपत असणार.

"बसव," म्हणाले. "सुरू झाला तर बोलू."

पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी एवढा मोठ्यानं ओरडलो की घंटेखालची मांजर पळाली.

उस्तादांना हे आधीच माहीत होतं का? मला डबा बांधून दिला तेव्हा? नसेल. एवढं पुढचं कुणाला दिसतं?

१५ मार्च

उस्तादांनी अंगठा फिरवला. "बारा. साठ." मग बराच वेळ अंगठा तिथंच.

"विचारून आणलास ना?"

"हो."

"मग ठीक." आणि आज पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधी हवेत जरा चाचपला आणि मग ठेवला, जसा काही खांदा सापडत नव्हता. प्रेम दाखवायची सवय नाही माणसाला.

२९ मार्च

एक गंमत. मला वाटतं डॉक्टरबाई आणि उस्ताद यांच्यात काहीतरी आहे. या वयात! आज बाई आल्या तेव्हा दारातून आत येताना त्यांनीच उस्तादांचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "पायरी आहे." स्वतःच्या वर्कशॉपची पायरी उस्तादांना माहीत नसते का? मग चहा घेताना बाईंनी त्यांचा कप त्यांच्या हाताजवळ सरकवला, बिस्कीट हातात दिलं.

रंगाऱ्याला डोळा मारला. तो म्हणाला, "भिंगऱ्या, तू फिर. विचार करू नकोस."

जाताना बाई मला बाहेर म्हणाल्या, "सातव्या वळणावर गाडी का बंद पडली ते सांगितलं का तुझ्या उस्तादानं तुला?"

"नाही."

"डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल राहिला होता. तो तेव्हा बावीस वर्षांचा, माझा मेकॅनिक. आवळायला विसरला. मी कधी बोलले नाही. त्याला वाटतं मला माहीत नाही." हसल्या. "तू पण बोलू नकोस."

म्हणजे उस्तादही विसरले होते! मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पार्सलवाल्यांना आज कळवलं, येत नाही म्हणून. निदान चढण होईपर्यंत तरी.

१० एप्रिल

तपासनीस आला. बारीक माणूस, हातात टॉर्च आणि दांडीला लावलेला आरसा. दोन तास गाडीच्या खाली, वर, आत. बाई दाराशी उभ्या, नखं खात होत्या, एकाहत्तराव्या वर्षी.

"डिस्ट्रिब्युटर?"

उस्तादांनी न वाकता हात आत घातला आणि अंगठा ठेवला. "बारा, साठ."

तपासनिसानं टॉर्च मारला, आरसा धरला, बघितलं. मग टॉर्च विझवला. "डिसेंबर. उत्तम." मग जरा थांबून, "ही धूळसुद्धा त्याच सालची दिसते."

"पुसायची नाही असं ठरलंय," मी म्हणालो. रंगारी मागं खोकल्याचं नाटक करायला लागला.

शेवटी कागदावर सही. उस्ताद म्हणाले, "याची घ्या. नंबर सगळे यानं वाचलेत." मला कागदपत्रांचा कंटाळा येतो तसा त्यांनाही येत असणार. पण माझं नाव, काम करणाऱ्याच्या जागी! तीनदा सराव करून सही केली. रंगाऱ्यानं वाकून वाचलं आणि म्हणाला, "हे तुझं नाव आहे होय?"

बाईंनी उस्तादांना आणि मला, दोघांनाही मिठी मारली. आधी गाडीला, खरं तर.

१२ एप्रिल

बाई वर पोहोचल्या. नऊच्या नऊ वळणं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

सकाळी आम्ही तिघं डोंगराच्या पायथ्याशी कठड्यापाशी उभे होतो. तिथून सगळा रस्ता दिसतो, फक्त सहाव्या आणि सातव्या वळणापुढं दाट झाडं आहेत. निघण्याआधी उस्तादांनी बोल्ट मला आवळायला लावला, मग स्वतः आवळून बघितला, मग परत मला लावला. बाई आत उतरल्या, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, "आ मी करते आता." गेल्या.

रंगारी धावत पुढं गेला गर्दीत. उस्तादांनी माझी बाही धरली. "सांग."

"काय?"

"कुठं आहे?"

मला वाटलं घाबरलेत, बघवत नाही त्यांना. मी सांगायला लागलो. पहिलं वळण झालं. दुसऱ्याला मागचं चाक जरा घसरलं, सावरलं. तिसरं. लाल ठिपका झालाय. चौथ्याला पुढच्या गाडीची धूळ आहे. पाचवं.

"दुसऱ्या गिअरवर आली," उस्ताद म्हणाले. "लवकर आली. हां, बरोबर केलंन."

"तुम्हाला दिसतंय की मग."

"तू सांगत राहा."

"आता नाही दिसत. झाडांमागं गेली."

"मग आता मी सांगतो." त्यांनी डोकं जरा वाकवलं. "सहावं. सोडला पाय. परत दिला." बाहीवरची पकड घट्ट झाली. "सातवं."

आवाज गेला. खरंच गेला. मी मनात एक, दोन मोजलं. माझ्या हातानं आवळलेला बोल्ट आठवला. आणि मग इंजिन असं गरजलं की सगळा डोंगर तोच आवाज परत परत फेकायला लागला, इकडून, तिकडून, कुठून येतोय तेच कळेना.

"गिअर बदलला!" उस्ताद म्हणाले. "नुसता गिअर बदलला तिनं! पार केलं!"

ते हसत होते आणि झाडांकडे बघत होते. मी पण झाडांकडे बघत होतो. मग गाडी पलीकडून बाहेर आली, उघड्या उतारावर, उन्हात, लालभडक. लोक ओरडले. आंधळ्यालाही दिसावी इतकी स्पष्ट.

उस्तादांचं तोंड झाडांकडेच होतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ते त्याच जागी बघत हसत होते, जिथं आता काहीच नव्हतं. मला कप आठवला, पायरी आठवली, वह्या आठवल्या. माझा कान आठवला.

"उस्ताद, बाहेर आली. उजवीकडे. आणखी. आता वर, खांबाच्या वर."

त्यांनी मान हळूहळू वळवली, उचलली आणि थांबवली.

"आता?"

"आता बरोबर," मी म्हणालो.

जरा पुढं बघत होते ते. पण गाडी तिकडेच चालली होती.